वेठ, दान आणि हमी

मोकळे महिने

बेकारी म्हणजे काम नसणे, ही व्याख्या पर्जन्यछायेतल्या खेड्याला पुरत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर हे जिल्हे, साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले जत-आटपाडी असा सलग कोरडवाहू पट्टा आहे. त्याच्या बऱ्याच भागात वर्षाला 500 ते 600 मिलिमीटर पाऊस होतो, आणि तोही लहरीने. कामाचे वर्ष या पावसाच्या मागे चालते. मृगात पेरणी, मग भांगलण-खुरपणी, परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी, माघ-फाल्गुनात सुगी. त्यानंतर ज्येष्ठापर्यंत रान मोकळे आणि हातही मोकळे.

या मोकळ्या महिन्यांचा हिशेब आकडेवारीत सहज उमटत नाही. ज्याच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे तो काम मिळेपर्यंत थांबू शकतो. ज्याचे पोट हातावर आहे तो थांबू शकत नाही. मिळेल त्या मजुरीवर, मिळेल ते काम तो धरतो आणि गणतीत ‘काम असलेला’ ठरतो. म्हणून ग्रामीण भागात बेकारीचा दर कमी आणि दारिद्र्य जास्त असे उलटे चित्र दिसते. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970 मध्ये हीच अडचण दाखवून दिली: शेतीवर जगणाऱ्या समाजातली बेकारी एकाच आकड्यात कोंबणे फसवे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1972-73 च्या फेरीपासून वर्ष, आठवडा आणि दिवस अशा तीन मापांनी मोजणी सुरू केली ती यातूनच.

मोजणी सुधारली तरी मूळ प्रश्न मोजणीचा नाही. अमर्त्य सेन यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात रोजगाराची तीन अंगे वेगळी केली: त्यातून उत्पन्न मिळते, त्यातून काही उत्पादन होते, आणि करणाऱ्याला आपण उपयोगाचे काही करतो अशी मान्यता मिळते. यांतले एक अंग असून दुसरे नसणे सहज शक्य आहे. राबूनही मजुरी न मिळणारा, मजुरी मिळूनही मान न मिळणारा, धान्य मिळूनही काम न मिळणारा, अशी माणसे एकाच गावात एकाच वेळी असतात. त्यांच्यापैकी कोणाचे कोणावर काय देणे आहे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या आधी धर्मविचाराने आणि नीतिविचाराने हाताळला. या प्रदेशात त्याची तीन ठळक उत्तरे दिली गेली: काम हा करणाऱ्याचा धर्म, अन्न देणे हा धनवंताचा धर्म, आणि काम मिळणे हा मागणाऱ्याचा हक्क.

स्वधर्म आणि गावगाडा

पहिले उत्तर गीतेच्या कर्मविचारातून आले. तिसऱ्या अध्यायातले नियत कर्म आणि अठराव्या अध्यायातले सहज कर्म या कल्पनांचा गाभा असा की माणसाने वाट्याला आलेले काम सोडू नये, फळाच्या आसक्तीशिवाय करावे, आणि ते करताना कामाची प्रतवारी लावू नये. नेवाशाला 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीने हा विचार मराठीत आणला आणि विहित कर्म हीच ईश्वराची पूजा असा त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोचवला. वारकरी संतांच्या चरित्रांत तो देहधारी झालेला दिसतो. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत; पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून देवाची पालखी अरणला जाते. तेरचे गोरोबा चिखल तुडवता तुडवता नाम घेत. हातांच्या कामाला हलके मानणाऱ्या समाजात या चरित्रांनी श्रमाला जी प्रतिष्ठा दिली तिचे मोल मोठे आहे. सेन ज्याला मान्यता म्हणतात ते अंग येथे पूर्ण फुललेले आहे.

या उत्तरात एक गोष्ट मात्र गृहीत आहे: करायला काम आहे. मळ्याला पाणी असले तर मळा हे देवघर होते. विहीर आटल्यावर माळ्याने काय करावे, हे स्वधर्माचे तत्त्व सांगत नाही. त्याची व्यावहारिक जबाबदारी जुन्या काळी गावगाड्यावर होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग अशा बलुतेदारांनी वर्षभर गावाची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. कागदावर या गावात बेकार कोणीच नाही. प्रत्येकाला जन्मतः काम आहे आणि कामामागे वाटाही आहे.

त्या वाट्याची दुसरी बाजू मंगळवेढ्याच्या कुसाखाली दिसते. महार समाजातले संत चोखामेळा तिथल्या गावकुसाच्या बांधकामावर असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली दबून ते 1338 मध्ये मरण पावले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्या गावाच्या संरक्षणासाठी ती भिंत उभी राहत होती त्या गावात राहण्याची चोखोबांच्या समाजाला मुभा नव्हती. त्यांची वस्ती कुसाबाहेर होती. चोखोबांना काम होते. ते नाकारण्याची सोय नव्हती, त्याचा मोबदला ठरवण्याची सोय नव्हती आणि ते सोडून दुसरे धरण्याचीही नव्हती. मराठीत ‘बेकार’ आणि ‘बिगार’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. एक काम नसलेल्याचा, दुसरा फुकट आणि सक्तीने कराव्या लागणाऱ्या कामाचा. उच्चारात जेवढे जवळ, तेवढेच ते अनुभवातही जवळ आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या नावाने मराठीत परिचित असलेल्या भाषणलेखात हे नाते तर्काने उलगडले. जातिव्यवस्था श्रमाची विभागणी करते हे समर्थकांचे म्हणणे त्यांनी अपुरे ठरवले. ती श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते, असे त्यांनी दाखवले. बेकारीच्या दृष्टीने त्यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. बाजार बदलतो, तंत्र बदलते, एक धंदा बसतो आणि दुसरा उभा राहतो. अशा वेळी माणसाला धंदा बदलता आला पाहिजे. जात ते करू देत नाही, म्हणून देशातल्या बऱ्याचशा बेकारीचे ती थेट कारण आहे. सर्वांना जन्मतः काम देणारी व्यवस्थाच बेकारी निर्माण करते, असा हा निष्कर्ष आहे. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले होते. ती वतने अखेर 1958 च्या कायद्याने रद्द झाली. सरकारी आणि गावकी कामांसाठी रात्रंदिवस बांधून ठेवणाऱ्या त्या वतनाचे वर्णन त्यांनी गुलामगिरी म्हणूनच केले. बौद्ध धम्माच्या अष्टांगिक मार्गातल्या सम्यक् आजीविकेचा अर्थ या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो: उपजीविका नीतीची असावी हा उपदेश ती निवडता येणाऱ्या माणसालाच करता येतो.

दामाजीचे कोठार

दुसरे उत्तर दानाचे. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच ऋणी असतो असे म्हटले आहे आणि देव, ऋषी, पितर यांच्याबरोबर माणसांचेही ऋण सांगितले आहे. ते अन्न आणि आसरा देऊन फेडायचे. भुकेल्याला घास घालणे हे अशा रीतीने दात्याचे कर्तव्य ठरते.

योगायोग असा की या उत्तराची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कथाही मंगळवेढ्याचीच आहे. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांना खुली केली. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणवले, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. देवाने घेतलेले रूप गावकीची कामे करणाऱ्याचे आहे, ही या कथेतली लक्षणीय गोष्ट. 1630 च्या दुष्काळाने तुकारामांची पहिली पत्नी हिरावली आणि दुकान बुडवले. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. येथे दान धान्याचे नसून येण्याचे आहे. सावकाराने आपला हक्क सोडणे हाही दुष्काळनिवारणाचा एक मार्ग, हे त्या कृतीने दाखवले.

दानाच्या मर्यादाही याच कथांत आहेत. कोठार उघडणारा दामाजी प्रत्येक गावात नसतो, आणि जो उघडतो त्याला किंमत मोजावी लागते. उपाशी माणूस कृतज्ञ असू शकतो, पण तो काही मागू शकत नाही. माणसांचे ऋण न फेडणाऱ्याविरुद्ध त्याला कुठेही दाद नाही. धान्य मिळते, पण उत्पादन आणि मान्यता ही रोजगाराची उरलेली दोन अंगे रिकामीच राहतात.

राजधर्माच्या विचाराने ही उणीव फार पूर्वीच ओळखली होती. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात मोठा यज्ञ करू पाहणाऱ्या राजाला पुरोहित सल्ला देतो: राज्यात चोऱ्या वाढल्या आहेत, त्या शिक्षेने थांबणार नाहीत; शेती करणाऱ्याला बी आणि वैरण दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. माणसे आपापल्या कामात गुंतली की राज्य आपोआप शांत होते. कौटिलीय अर्थशास्त्रात दुष्काळात राजाने बी आणि अन्न पुरवावे, किंवा अन्नाच्या मोबदल्यात तटबंदी आणि बंधाऱ्यांची कामे काढावीत, असे सांगितले आहे. कामातून मदत ही कल्पना अशी बरीच जुनी आहे. पण दोन्ही ठिकाणी बोलणे राजाशी चालले आहे; प्रजेच्या हातात अजून काही नाही.

श्रमाचे व्रत

विसाव्या शतकात या दोन उत्तरांची सांगड घालण्याचा प्रयत्न विदर्भातल्या वर्ध्याच्या परिसरात झाला. टॉलस्टॉय आणि बोंदारेव्ह या रशियन विचारवंतांकडून आलेली शरीरश्रमाची कल्पना गांधींनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या यज्ञाशी जोडली: स्वतः अंगमेहनत न करता खाणारा चोरीचे अन्न खातो. शेतकरी वर्षातले किमान चार महिने रिकामा असतो, हा त्यांचा खादीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. चरखा हा त्या मोकळ्या महिन्यांसाठी होता. 1936 पासून सेवाग्राम हे या प्रयोगाचे केंद्र बनले. विनोबांनी 1950 मध्ये पवनार येथे कांचनमुक्तीचा आणि बैलांशिवाय, माणसांच्या बळावर करायच्या ऋषिशेतीचा प्रयोग केला. पुढच्याच वर्षी तेलंगणातून भूदानाची चळवळ सुरू झाली.

या विचाराचे वैशिष्ट्य असे की त्याने श्रमाचे कर्तव्य श्रमिकाच्या डोक्यावरून उचलून सर्वांच्या डोक्यावर ठेवले. जातीने ठरलेल्या कामाऐवजी येथे भंगीकामासह प्रत्येक काम प्रत्येकाचे आहे. तरी एक फट राहते. बॅरिस्टराने सूत कातणे हे व्रत आहे, कारण त्याला न कातण्याची मोकळीक आहे. उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या बाईला ती मोकळीक नाही. एकच कृती एकीकडे साधना होते आणि दुसरीकडे नाइलाज. फरक श्रमात नाही, निवडीत आहे.

मागण्याचा अधिकार

तिसरे उत्तर महाराष्ट्रात कायद्याच्या रूपाने आले. ब्रिटिश काळातल्या दुष्काळसंहितांनुसार दुष्काळी कामे निघत. पण दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे सरकार ठरवी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे वेगळा प्रयोग केला: काम मागेल त्याला काम. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासात ग्रामीण सार्वजनिक कामांचाच आग्रह धरला. मग 1972 चा दुष्काळ आला. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांच्या कामांवर माणसे लोटली. मे 1973 मध्ये त्यांची संख्या सुमारे 50 लाखांवर पोचली. टिकाव, घमेले आणि कामावर मिळणारी सुकडी ही त्या पिढीच्या आठवणीत कायमची राहिली. जमीनदार आणि भूमिहीन, सवर्ण आणि दलित एकाच हजेरीपटावर आले.

रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर 15 दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. खर्चासाठी 1975 पासून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालायची असे ठरले. 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी जो कायदा केला, कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी देणारा, त्याचे बीज येथे आहे.

तत्त्वदृष्ट्या येथे तीन गोष्टी बदलल्या. पहिली, सुरुवात दात्याऐवजी मागणाऱ्याकडून झाली. राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आणि राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. हमीच्या कायद्याने त्या तत्त्वाला मुदत आणि दंड जोडला. दुसरी, हक्कासमोर देणे लागणारा उभा केला. शहरातला पगारदार दरमहा व्यवसाय कर देतो, त्यातून खेड्यातले पाझर तलाव होतात. पण त्याचे नाव कोणी घेत नाही आणि कोणी घ्यावे अशी त्याची अपेक्षाही नसते. दामाजीचे नाव उरते, करदात्याचे उरत नाही, आणि म्हणूनच घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. तिसरी, स्त्री स्वतःच्या नावाने हजेरीपटावर आली. या कामांवर स्त्रियांचे प्रमाण नेहमीच मोठे राहिले.

आक्षेपही तेवढेच जुने आहेत. हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, अशी बागायतदारांची तक्रार असते. म्हणजे हमीमुळे मजुराला नाही म्हणता येते, हेच ती तक्रार वेगळ्या शब्दांत सांगते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कुठेच न जाणारा रस्ता, पहिल्या पावसात फुटणारा बांध, नावापुरते खणलेले खड्डे अशा कामांतून मजुरी मिळते, पण केले ते उपयोगाचे ठरत नाही. मजुरी महिनोन्‌महिने अडकली तर उत्पन्नाचे अंगही लंगडे पडते. हमी हा हक्क असला तरी त्याचा कस कामाच्या गुणवत्तेवर आणि हजेरीपटाच्या सचोटीवर लागतो.

कोयता

हमीचा कायदा असूनही बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. मजूर भरताना मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी जोडीला ‘उचल’ मिळते आणि ती तोडीतून फेडायची असते. आजारपणात एक दिवस गेला तर ‘खाडा’ धरला जातो. हंगाम संपूनही उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. लग्न, दवाखाना, बियाणे यांसाठी एकरकमी पैसा देणारी दुसरी जागा नसल्यामुळे उचल मजूरच मागतो. वरवर पाहता हा दोन स्वतंत्र माणसांतला करार आहे.

याच ठिकाणी तत्त्वाचा प्रश्न टोकदार होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाममजुरांच्या खटल्यात, असे म्हटले की सक्ती केवळ दंडुक्याची नसते; दारिद्र्यामुळे दुसरा मार्ग न उरणे हीदेखील सक्तीच, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने बंदी घातलेल्या वेठीत मोडते. या कसोटीवर संमती आणि स्वातंत्र्य एकच ठरत नाहीत. ऊसतोडीतल्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात पोचला, तेव्हा पाळीचे दिवस आणि खाडा यांचा संबंध राज्यभर चर्चेत आला. हंगामातल्या मोजणीत ही बाई पूर्णवेळ कामावर आहे. बेकारीचा आकडा तिच्याबद्दल काहीच बोलत नाही.

पदवीधराची वाट

अलीकडच्या काळात त्याच गावांत बेकारीचा दुसरा चेहरा ठळक झाला आहे. शिकलेली मुले शेतात जात नाहीत आणि जावे अशी घरच्यांचीही इच्छा नसते. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास, जाहिरातीची वाट, वयोमर्यादेची धास्ती यांत ऐन उमेदीची वर्षे जातात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे गावोगाव ऐकू येते. घरची थोडी जमीन आणि आईवडिलांची मजुरी हा या वाट पाहण्याचा आधार असतो.

या तरुणांना आळशी म्हणणे हा स्वधर्माच्या उत्तराचा विपर्यास आहे. ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या जातीची पायरी चिकटली, ते सोडून मान असलेले काम शोधणे हे आंबेडकरांच्या युक्तिवादाशी सुसंगत आहे. त्यांना मिळालेली सवलत नाकारण्याची आहे; कमतरता आहे ती स्वीकारण्याजोग्या कामाची. सरकारी नोकरीचे आकर्षण पगाराएवढेच निश्चिततेचे आणि मान्यतेचे आहे, आणि अंगमेहनतीचा मान वाढल्याशिवाय ते ओसरणार नाही. तिथे संतांनी श्रमाला दिलेली प्रतिष्ठा पुन्हा उपयोगी पडते, मात्र ती निवडलेल्या श्रमाला लावली तर.

नकाराची मुभा

तिन्ही उत्तरांची तुलना केली तर प्रत्येकात दुसऱ्याची उणीव भरून काढणारे काहीतरी आहे. स्वधर्म कामाला अर्थ देतो, पण काम देत नाही. दान जीव वाचवते, पण मागण्याचा अधिकार देत नाही. हमी तो अधिकार देते, पण दिलेल्या कामाला अर्थ असेलच असे नाही. चोखोबांच्या भिंतीपासून कोयत्यापर्यंतचा अनुभव या तिन्हींना एक अट घालतो: बेकारीची उलट बाजू म्हणजे कसलेही काम नव्हे. मागता येते, मोबदला पुरतो आणि नको असल्यास सोडता येते, असेच काम त्या जागी बसते. 1985 मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. ती माणसे मुंबईला आली ती गावात उपजीविका उरली नव्हती म्हणून. जगण्याच्या हक्कात उपजीविका येत असेल, तर गाव सोडावे लागू नये यासाठीची तरतूदही त्यातच येते. आणि ती करण्याचे देणे ज्या समाजाने त्या माणसांच्या श्रमावर आपली कुसे, कारखाने आणि शहरे उभारली त्याच्याकडे जाते.